डायनोसॉरचें वेड

गेल्या वर्षीं सहावीच्या वर्गांत प्राचीन प्राण्यांचा एक रंगीत तक्ता मीं भिंतीवर टांगला होता. तक्त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘डायनोसॉर’ असें छापलेलें होतें व खालीं दहा-बारा प्राण्यांचीं चित्रें होतीं. त्यांतच पंख पसरून उडणाऱ्या एका प्राण्याचेंही चित्र होतें. धडा चालू असतां मागल्या बांकावरून एक विद्यार्थी उठला व म्हणाला, “सर, तो उडणारा डायनोसॉर नाहीं. तो टेरोसॉर. त्याचें कुळ जवळचें, पण निराळें.” मीं त्यास खालीं बसविलें. तक्ता छापणारांस तुझ्यापेक्षां अधिक कळतें, असेंही कांहीं मी बोललों. वर्ग हांसला. मुलगा खालीं बसला, आणि पुढें त्या तासास त्यानें तोंडांतून एक अक्षर काढलें नाहीं.

हा मुलगा माझा सख्खा भाचा आहे. शाळेंत तो मला ‘सर’ म्हणतो व घरीं ‘मामा’ म्हणतो. त्या दिवशीं संध्याकाळीं घरीं त्यानें मला कोणत्याच नांवानें हांक मारली नाहीं. वर्गांत त्याचें म्हणणें बरोबर होतें व चूक माझी होती, हें मला पुढें कळलें. तें कसें कळलें तें सांगावें, आणि त्यावरून मनांत आलेले कांहीं विचार विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः त्यांच्या आईबापांपुढें ठेवावे, या हेतूनें वार्षिकाच्या संपादकांकडे हीं पानें मागून घेतलीं आहेत.

डायनोसॉरचें वेड हल्लीं घरोघर दिसतें. ज्याच्या जिभेस ‘र’ नीट वळत नाहीं असा चार वर्षांचा पोर ‘टायरॅनोसॉरस’ हें नांव न अडखळतां उच्चारतो, आणि पाहुणे आले म्हणजे आईबाप त्याच्याकडून तें म्हणवून घेतात. पुढें हाच मुलगा दहा-अकरा वर्षांचा होतो, शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ येते, आणि आजपर्यंत ज्याचें कौतुक झालें तोच आतां अपराध ठरतो. आमच्या मेहुण्यांच्या घरीं असेंच झालें. “नांवें पाठ करून पोट भरतें काय?” हा त्यांचा नेहमींचा प्रश्न. एके दिवशीं भाच्याचीं सर्व चित्रांचीं पुस्तकें त्यांनीं कपाटांत घालून कुलूप लावलें.

न्यायानें बोलावयाचें तर मेहुण्यांचें म्हणणें सर्वस्वीं निराधार नव्हतें. मुलाचें तें वेड बहुतांशीं नांवांचें व मापांचें होतें. कोण किती लांब, कोणाचा दांत किती मोठा, दोघांची झुंज लागली तर कोण जिंकेल, याच गोष्टी त्याला येत. क्रिकेटच्या धांवा पाठ असणारा मुलगा व हा मुलगा यांत मला तरी त्या वेळीं फारसा भेद दिसत नसे. आवड खरी होती यांत संशय नाहीं. परंतु त्या आवडीला जावयाला वाट सांपडलेली नव्हती, आणि ती दाखविणारें घरांत किंवा शाळेंत कोणी नव्हतें. मी तर नव्हतोंच.

दिवाळीच्या सुटींत मला कांहीं कामानिमित्त कलकत्त्यास जावयाचें होतें. ताईनें मुलाला माझ्याबरोबर धाडलें. कलकत्त्याच्या उत्तरेस बरानगर येथें भारतीय सांख्यिकी संस्था आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९३१ सालीं स्थापन केलेली ही संस्था आंकड्यांच्या शास्त्रासाठीं जगप्रसिद्ध आहे. आंकडेवाल्यांच्या घरांत डायनोसॉरनें काय म्हणून रहावें, असें वाचकांच्या मनांत येईल; माझ्याही आलें होतें. त्याचें कारण असें कीं, निसर्गांतील कोणतीही गोष्ट मोजल्यावांचून नीट समजत नाहीं, या विचाराचे महालनोबिस होते. त्यांच्या आमंत्रणावरून लंडनच्या विदुषी पामेला रॉबिन्सन या १९५७ सालीं येथें आल्या, व त्यांच्या देखरेखीखालीं कांहीं तरुण मंडळी गोदावरी व प्राणहिता यांच्या खोऱ्यांत जीवाश्म शोधीत हिंडूं लागली. जीवाश्म म्हणजे दगड झालेले प्राचीन जीवांचे अवशेष. त्या हिंडण्यांतून पोचमपल्ली गांवाजवळ जें हातीं आलें तें आज या संस्थेच्या भूशास्त्राच्या संग्रहालयांत उभें आहे.

संग्रहालय लहान आहे. आधीं पत्र लिहून विचारलें होतें, त्यामुळें दोघे संशोधक आमची वाट पाहत होते: एक वयस्क गृहस्थ, व त्यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या एक तरुण बाई. दारांतून आंत पाऊल टाकलें आणि समोर तो सांगाडा दिसला. त्याचें नांव बारापासॉरस. आमच्या वर्गांतील मुलांस हें नांव मीं पुढें सांगितलें तेव्हां “त्याला बारा पाय होते काय?” असा प्रश्न लगेच आला. तसें नाहीं. ‘बडा’ म्हणजे मोठा, आणि बंगालींत ‘पा’ म्हणजे पाय. पहिल्यानें जीं हाडें मिळालीं त्यांत मांडीचें एक हाड सुमारें १.७ मीटर लांब होतें, म्हणून खोदणारांनीं त्यास हें नांव दिलें. बहुतेक हाडें १९६० व १९६१ या सालांत निघालीं. १९६१ हें रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचें वर्ष, तेव्हां नांवाच्या उत्तरार्धांत कवीस स्थान मिळालें; आणि १९७५ सालीं जैन, कुट्टी, रॉयचौधुरी व चटर्जी या चौघांनीं ‘बारापासॉरस टॅगोराय’ असें त्याचें शास्त्रीय बारसें केलें. हा प्राणी झाडपाला खाणारा, चार पायांवर चालणारा, लांब मानेचा. सुमारें १८ कोटी वर्षांपूर्वींचा. मुंबई-पुण्याच्या मुलांनीं ध्यानांत घ्यावें कीं, सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हारसापासून झाला तो सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींचा आहे. म्हणजे हा प्राणी जमिनीवर चालत होता तेव्हां सह्याद्रि जन्मास यावयाचा होता, आणि भारत हा दक्षिणेकडील एका प्रचंड भूखंडाचा तुकडा होता.

भाच्यानें प्रथम आपलें सर्व पाठांतर म्हणून दाखविलें. वीस-पंचवीस नांवें झालीं असतील. ते वयस्क गृहस्थ हंसले नाहींत, वाहवाही म्हणाले नाहींत, शांतपणें ऐकून घेऊन ते हिंदींत इतकेंच म्हणाले, “हा तुझ्यासमोर उभा आहे. याच्याविषयीं तुला काय विचारावयाचें आहे?”

मुलगा गोंधळला. आजपर्यंत त्याला सर्वांनीं उत्तरें विचारलीं होतीं. प्रश्न विचार असें कोणी म्हटलें नव्हतें. तो सांगाड्याच्या भोंवतीं दोन वेळां फिरला. त्या पायाच्या हाडाशेजारीं उभें राहून त्यानें आपली उंची पाहिली. हाड त्याच्याहून उंच भरलें. मग मान वर करून बराच वेळ तो पाहत राहिला आणि म्हणाला, “याचें डोकें खरें आहे का?”

मला वाटलें, हा काय प्रश्न झाला! परंतु ते दोघेही एकदम पुढें सरसावले. त्या गृहस्थांनीं सांगितलें तें असें: डोकें खरें नाहीं. कांहीं सुटे दांत तेवढे मिळाले. कवटी मिळालीच नाहीं. तेव्हां याच्या भाऊबंदांच्या कवट्या पाहून अदमासानें तें डोकें बनविलें आहे.

“मग तें खरोखर कसें होतें?”

“आम्हांला ठाऊक नाहीं.”

हें उत्तर त्यांनीं इतक्या सहजपणें दिलें कीं मी चकित झालों. शिक्षकाच्या पेशांत माझी पंचवीस वर्षें गेलीं. त्या काळांत वर्गांत उभा राहून ‘मला ठाऊक नाहीं’ असें मी किती वेळां म्हणालों असेन, याचा हिशेब मनांत करूं लागलों. एका हाताचीं बोटें पुरेशीं झालीं. आणि येथें, ज्यांचें सारें आयुष्य त्या हाडांत गेलें तो विद्वान अकरा वर्षांच्या पोराला तेंच सांगत होता, आणि त्यांत त्यांना कांहीं कमीपणा वाटत नव्हता.

मुलाचें तोंड मग सुटलें. डोकेंच कां मिळत नाहीं? तर या जातीच्या प्राण्यांच्या कवटीचीं हाडें पातळ असतात, मानेशीं त्यांची जोडही नाजूक असते. प्राणी मेला कीं डोकें लवकर सुटतें व फुटून जातें. हीं सारीं हाडें एकाच प्राण्याचीं काय? नव्हे. सुमारें ३०० हाडें निघालीं व तीं निदान सहा प्राण्यांचीं होतीं. उभा केलेला सांगाडा त्यांतून निवडून जुळविलेला आहे. “म्हणजे हा एक प्राणी नव्हेच!” असें म्हणून मुलानें त्या सांगाड्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं जणूं त्याची फसवणूक झाली आहे. त्या बाईंनीं त्यास समजाविलें कीं, फसवणूक तेव्हां झाली असती जेव्हां ही गोष्ट आम्ही लपविली असती. मग साहाजण एका ठिकाणीं कसे मेले? हाडांबरोबर मोठमोठे झाडांचे बुंधेही निघाले होते, त्यावरून मोठा पूर येऊन झाडें व जनावरें वाहत येऊन एके जागीं अडकलीं असावीं, असें अनुमान आहे. “अनुमान म्हणजे कदाचित् चूकही असेल?” “असेलही. तूं मोठा होऊन आमची चूक दाखवूं शकशील.”

नंतर तो थोडा थांबला. एकवार त्यानें माझ्याकडे पाहिलें, आणि टेरोसॉर हा डायनोसॉर आहे किंवा नाहीं, असा प्रश्न त्यानें बाईंना केला. मी खिडकीबाहेर पाहूं लागलों. बाईंनीं त्याला सांगाड्याच्या कमरेपाशीं नेलें. मांडीचें हाड ज्या खोबणींत बसतें ती खोबण डायनोसॉरच्या जातींत आरपार भोंकाची असते, आणि त्यामुळें पाय अंगाच्या बाजूस न फांकतां खांबासारखे सरळ खालीं येतात; टेरोसॉरची कंबर तशी नसते; दोघे चुलतभाऊ म्हणावे असे आहेत, पण घरें वेगळीं. उलट आपल्या अंगणांत येणारी चिमणी मात्र डायनोसॉरच्याच वंशांतली आहे. “तुझें बरोबर होतें,” असें मीं तेथेंच त्या दोघांच्या देखत कबूल केलें. ती कबुली वर्गांत द्यावयास हवी होती. तीही पुढें दिली, आणि तक्त्यावरच्या त्या चित्राखालीं योग्य नांवाची कागदाची पट्टी त्याच्याच हातानें चिकटविली.

निघण्यापूर्वीं बाईंनीं त्याला आपल्या कामाच्या मेजापाशीं बसविलें. हाड खडकांतून निघतें तें स्वच्छ निघत नाहीं. त्यास चिकटलेला दगड सुईसारख्या हत्यारानें कण कण खरवडून काढावा लागतो. जरा घाई झाली तर कोट्यवधि वर्षें टिकलेली वस्तु एका क्षणांत बिघडते. एका निरुपयोगी तुकड्यावर त्याला हें काम करावयास दिलें. घरीं जो मुलगा पांच मिनिटें एका जागीं बसत नाहीं असें त्याचे वडील म्हणतात, तो वीस-पंचवीस मिनिटें मान वर न करतां बसला. नखाएवढी जागा साफ झाली.

मोठीं संग्रहालयें मीं पाहिलेलीं आहेत. तेथें संगमरवरी पायऱ्या असतात, दिव्यांचा झगमगाट असतो, यंत्रानें मान हलविणारे व डरकाळ्या फोडणारे बनावट डायनोसॉर असतात, आणि मुलें त्यांच्यासमोर छायाचित्रें काढवून घेऊन पुढें सरकतात. त्यांना नांवें ठेवावयाचीं नाहींत. परंतु ज्यानें त्या हाडावरचा दगड खरवडला तो माणूस मोठ्या इमारतींत प्रेक्षकाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि माझ्या मतें मुलाची भेट हाडाशीं होण्यापेक्षां त्या माणसाशीं होणें अधिक महत्त्वाचें आहे. वस्तु मुलाला चकित करते; माणूस त्याला सांगतो कीं, हें काम करणारे लोक असतात, ते तुमच्याआमच्यासारखेच चहा पितात, चुकतात आणि पुन्हां मोजतात. चित्रांच्या पुस्तकाला कुलूप लावून किंवा उलट तसलीं आणखी दहा पुस्तकें आणून ही गोष्ट साधत नाहीं.

आतां मेहुण्यांच्या प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्त आहे. तो प्रश्न पुष्कळ घरांतला आहे. यांत पोट भरेल काय? खरें सांगावयाचें तर या शास्त्रांत नोकऱ्या थोड्या आहेत. आज डायनोसॉरचीं नांवें म्हणणाऱ्या शंभर मुलांतून एखादाही पुढें त्या शास्त्रांत जाईल कीं नाहीं याची मला शंका आहे. कोणी वैद्य होईल, कोणी दुकान चालवील, कोणी माझ्यासारखा मास्तर होईल. त्यांत वाईट काय आहे? ‘हें डोकें खरें आहे का?’ हा प्रश्न विचारण्याची संवय ज्याला लागली तो औषधाच्या जाहिरातीपुढें, सावकाराच्या कागदापुढें व मास्तराच्या तक्त्यापुढेंही तोच प्रश्न विचारील. तो मनुष्य जरा गैरसोयीचा होतो हें मी अनुभवानें सांगतों. दुसरी एक भीति मला उलट बाजूची वाटते. मुलाची आवड दिसली कीं तिच्यासाठीं लगेच शिकवणी, स्पर्धा, पदक असा खटाटोप सुरू करणारे पालकही आहेत. असें केलें कीं ती आवड त्याची न राहतां आपली होते व तो तिला कंटाळतो. कुलुपाइतकाच हाही मार्ग मला वाईट दिसतो.

आणखी एका गोष्टीचें मला वाईट वाटतें, आणि तिचा संबंध आपल्या प्रांताशीं आहे. आमच्या मुलांना अमेरिकेंतील टायरॅनोसॉरसची वंशावळ पाठ असते. परंतु बारापासॉरस ज्या थरांत मिळाला त्या थरांना भूशास्त्रांत ‘कोटा’ हें नांव आहे, आणि तें कोटा गांव आपल्याच गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंचा तालुक्यांत प्राणहितेच्या कांठीं आहे, हें किती जणांस ठाऊक आहे? मलाही तें कलकत्त्यास जाऊन कळलें. त्या गांवच्या चुनखडकांतील दगड झालेले मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विद्वानांस माहीत आहेत. त्याच काळीं नागपुरांत स्टीफन हिस्लॉप नांवाचे मिशनरी शिक्षक होते. ज्यांचें नांव तेथील कॉलेजास आहे तेच हे. शाळेचें काम संभाळून ते गांवोगांवचे दगड पाहत हिंडत. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथें ते व त्यांचे सोबती हंटर यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. तिचें वर्णन १८५५ सालीं लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनीं केलें. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ सालीं ज्यांनीं बनविला तेच हे ओवेन. शाळामास्तरांपैकीं कोणी एक त्या काळीं असा होता हें वाचून मला आनंदही झाला आणि थोडी लाजही वाटली.

बारापासॉरस कलकत्त्यास उभा आहे. त्याच कोटा थरांतून निघालेला व १९८८ सालीं नामकरण झालेला कोटासॉरस हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयांत आहे. त्याबद्दल कोणाशीं भांडावयाचें नाहीं. ज्यांनीं कष्ट करून तीं हाडें काढलीं, जोडलीं व जपलीं त्यांच्याच घरीं तीं असावीं हें न्याय्य आहे. पण या बाजूच्या मुलांना तीं कोठून आलीं एवढें तरी शिकवावें. सिरोंचा तालुक्यांतच वडधम येथें वनखात्याचें जीवाश्म उद्यान आहे. सहलीच्या यादींत तें कां नसावें? मात्र तेथें किंवा कोठेंही जाणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना आहे. चमत्कारिक दगड दिसला तर तो उपटून खिशांत घालूं नका. कोणत्या थरांत, कोणत्या बाजूस, कशाच्या शेजारीं तो पडला होता, यांतच त्याची निम्मी हकीकत असते. जागेवरून हलविला कीं ती गेली. चित्र काढा, जागा लिहून ठेवा आणि जाणत्या माणसांस कळवा.

आमचे भाचे आतां नांवें फारशीं म्हणत नाहींत. त्यांच्या वहींत प्रश्न लिहिलेले असतात. मागल्या महिन्यापर्यंत एकेचाळीस झाले होते. त्यांतले सात त्यानें कलकत्त्यास पत्रानें विचारले व त्या गृहस्थांचें स्वहस्तें लिहिलेलें उत्तर आलें. चार प्रश्नांचीं उत्तरें त्यांनीं दिलीं होतीं आणि उरलेल्या तिहींपुढें तेंच जुनें वाक्य होतें. पत्र आलें त्या दिवशीं मी ताईकडेच होतों. मेहुण्यांनीं तें दोन वेळां वाचलें, घडी करून मुलाच्या हातीं दिलें, आणि चष्मा पुशीत मला विचारलें, “काय हो, सिरोंच्यास जावयाचें तर आलापल्लीवरूनच जावें लागतें ना?”